१३ दिवसांत आख्खी वेबसाइट नवी करून मागतायत. घेऊ का?

दुतोंड्या
रविवार, १८ जानेवारी, रात्री ९.४०

मंडळी, मी नाशिकचा. कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत दीड खोलीचं ऑफिस, मी आणि एक मुलगी, दोघंच. वेबसाइटी करतो, बहुतेक वर्डप्रेसवर.

आज पिंपळगाव बसवंतला जाऊन आलो. द्राक्ष एक्स्पोर्ट करणारं घर आहे. स्वतःच्या बागा आहेत, पॅकहाउस आहे, शिवाय आजूबाजूच्या शेतकऱ्यांचा माल घेतात. थोरला मुलगा, त्याला सगळे दादा म्हणतात, सोमवारी २ फेब्रुवारीला बर्लिनला निघतोय, फ्रूट लॉजिस्टिकाला. युरोपातले झाडून सगळे फळवाले खरेदीदार तिथे दर फेब्रुवारीत येतात. दादांचं म्हणणं, "स्टॉलवर आपली साइट उघडायची लाज वाटते. नवीन करून द्या." म्हणजे शनिवारी ३१ ला रात्री लाइव्ह. मोजून १३ दिवस.

साइट २०१२ सालची आहे. वर सात फोटो फिरतात, पहिलं पानच १४ एमबीचं. एकूण २३ पानं, त्यातली नऊ 'लवकरच येत आहे'. शेतकऱ्यांसाठी एक मराठी पान आहे, पण ते युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात टाइप केलेलं. त्यामुळे मोबाइलवर नुसता रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. नाशिकचा असूनही घशाखाली उतरत नाही.

मी ६५ हजार सांगितले. दादा म्हणाले, "पैशाचं काय ते बघू, आधी काम सुरू करा." माणसं चांगली वाटली, चहाबरोबर परातभर द्राक्षं ठेवली होती. घेऊ का?

गोदाकाठ
रात्री ९.५२

"पैशाचं काय ते बघू" हे वाक्य कानावर पडलं की मी चपला शोधायला लागतो.

कॅशक्लिअर
रात्री १०.१५

चपला नंतर शोधा, आधी उद्यम नोंदणी आहे का ते सांगा. नसेल तर आज रात्रीच करा, फुकट आहे, आधार आणि पॅन लागतं. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्याने नोंदणी असलेल्या छोट्या पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपुढे अडवता येत नाहीत. करार नसेल तर १५ दिवस. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. कोर्टात जायला सांगत नाही, पण बिलाखाली उद्यम नंबर छापलेला असला की समोरच्याचा सीए बिल बाजूला टाकत नाही. आणि ५० टक्के आगाऊ. परातभर द्राक्षं आगाऊ रकमेत धरू नयेत.

टिकाऊकोड
रात्री ११.०५

घ्या, पण डिझाइन उघडण्याआधी उद्या सकाळी त्यांना तीन गोष्टी विचारा. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे? मेल कुठे आहेत, म्हणजे साइट ठेवलीय त्या होस्टिंगवरच की वेगळ्या कंपनीकडे? आणि 'ठीक आहे, टाका' असं शेवटी कोण म्हणणार?

वीस वर्षं हेच करतोय. घाईच्या कामात डिझाइनमुळे उशीर झालेला मला आठवत नाही. उशीर होतो तो किल्ल्या सापडत नाहीत म्हणून, मजकूर येत नाही म्हणून, आणि शेवटच्या रात्री कुठून तरी एक मेहुणे उगवतात म्हणून. तेरा दिवसांतले डिझाइनचे चार धरा, उरलेले नऊ या तिघांचे.

आणि काहीही हलवण्याआधी डीएनएसच्या (साइट आणि मेल कुठल्या सर्व्हरकडे जायचे ते सांगणाऱ्या नोंदींच्या) पानाचा फोटो काढून ठेवा. प्रत्येक ओळीचा.

एक_पिक्सेल
सोमवार, १९ जानेवारी, सकाळी ८.२०

एवढं कशाला? एआयला सांगा, दोन तासांत साइट देतो. तेरा दिवस म्हणजे चैन.

टिकाऊकोड
सकाळी ८.३१

तो डोमेनचा पासवर्डपण देतो का?

दुतोंड्या
सोमवार, १९ जानेवारी, संध्याकाळी ७.१०

काम घेतलं. ६० वर तुटलं, ३० आले खात्यात. उद्यम नोंदणी झाली (कॅशक्लिअर, एक मिसळ लागू).

टिकाऊकोड, तुमचा पहिलाच प्रश्न लागला. डोमेन जुन्या डेव्हलपरच्या खात्यात आहे, त्याच्याच मेलवर. दादा म्हणतात, तो दोन वर्षं फोन उचलत नाही. मेल वेगळ्या कंपनीकडे आहेत, तेवढं बरं. 'टाका' म्हणणारे दादा आहेत. असं ते म्हणतात.

गोदाकाठ
संध्याकाळी ७.२५

नवं डोमेन घ्या, विषय संपला.

बागाईतदार_निफाड
संध्याकाळी ७.४४

विषय कसा संपतो राव? तो पत्ता त्यांच्या खोक्यावर छापलेला असणार. ह्या सीझनची खोकी ऑक्टोबर छाटणीनंतरच छापायला टाकतात, आता गोडाऊनला हजारांनी पडली असतील. पनेटवरच्या, म्हंजी द्राक्षाच्या छोट्या डब्यावरच्या, लेबलवरबी तेच. मी शेतकरी, संगणकातलं कळत नाही, पण खोक्याचं कळतं.

दुतोंड्या
रात्री ८.०२

बरोबर बोललात. कार्डं, खोकी, लेबलं, सगळीकडे तेच आहे. नवं डोमेन नाही.

नोटपॅड_प्लस
रात्री ८.४०

वकिलाची नोटीस द्या. डोमेन गिऱ्हाइकाचं असताना स्वतःच्या नावावर ठेवणं म्हणजे खंडणी.

दुतोंड्या
मंगळवार, २० जानेवारी, दुपारी २.३०

नोटीस नको म्हटलं, आधी फोन करू. माझ्या नंबरवरून केला, पहिल्याच रिंगला उचलला. सिडकोत राहतो. माझ्याच धंद्यातला, आता नोकरी करतो. म्हणाला, "त्यांचा फोन का उचलू? साडेआठ हजार बाकी आहेत. डोमेनचं रिन्युअल दोन वर्षं मी खिशातून भरतोय. मी सोडलं असतं तर एव्हाना कुणी तरी उचललं असतं ते."

एवढ्यावर मला काही बोलता येईना. मी याला व्हिलन करून ठेवलं होतं आणि हा गपचूप त्यांचं घर राखत बसलेला.

दादांना सांगितलं. ते जरा चिडले. मग त्यांच्या आईंनीच आतून आवाज दिला, "अरे देऊन टाक की, पोराचे पैसे कशाला ठेवायचे." पाच मिनिटांत यूपीआयने गेले, रिन्युअलचे वेगळे. तासाभरात त्याने डोमेन त्याच कंपनीतल्या दादांच्या नव्या खात्यात सरकवलं. दुसऱ्या कंपनीत न्यायचं म्हटलं असतं तर पाच-सात दिवस त्यातच गेले असते. एकाच कंपनीत या खात्यातून त्या खात्यात लगेच होतं.

दोन दिवस गेले. अजून एक रंग निवडलेला नाही.

कॅशक्लिअर
दुपारी २.४८

त्या मुलाचा उद्यम नंबर नव्हता ना? बघा.

दुतोंड्या
बुधवार, २१ जानेवारी, रात्री ११.३०

आज कात्री चालवली. २३ पानांची सहा केली. आम्ही कोण, माल आणि हंगाम, बाग ते कंटेनर, सर्टिफिकेटं, शेतकऱ्यांसाठी (मराठी), संपर्क. बाकीची सगळी जुने पत्ते ठेवून नव्या पानांकडे वळवायची, कायमस्वरूपी ३०१ रीडायरेक्ट. गूगलमध्ये आणि कुणाच्या जुन्या मेलमध्ये पडलेल्या लिंका मेल्या असं व्हायला नको.

'आमचं व्हिजन' हे पान काढताना दादांना वाईट वाटलं. मी विचारलं, हे कुणी लिहिलं? म्हणाले, माहीत नाही, आधीपासून आहे.

बाग ते कंटेनर या पानावर खरा जीव आहे. काढणी, कात्रीने मणी विरळणं, ५०० ग्रॅमच्या दहा पनेटांचं खोकं, प्रीकूलिंग, वर सल्फरचं पॅड, मग रीफर म्हणजे थंड कंटेनर. आणि अपेडाचं (शेतमालाच्या निर्यातीची सरकारी संस्था) ग्रेपनेट: बागेची नोंदणी, काढणीआधी औषधांच्या अंशांची लॅबमध्ये तपासणी, खोक्यावरून उलट बागेपर्यंत माग. हे सगळं त्यांच्याकडे रोज चालतं आणि जुन्या साइटवर याचं एक अक्षर नव्हतं. 'क्वालिटी इज अवर मोटो' मात्र चार ठिकाणी होतं.

बागाईतदार_निफाड
गुरुवार, २२ जानेवारी, पहाटे ५.१५

विरळणी काढणीच्या टायमाला नसते, लई आधी असते. मणी बारीक असताना. काढणीला फक्त खराब मणी काढून घड साफ करतात. असं छापलं तर खरेदीदार हसेल. (जागा आहे कारण थंडी पडली. बागेत शेकोट्या पेटवून ड्रिपचं पाणी सोडलंय. मण्याला तडे गेले की एक्स्पोर्ट गेलं.)

दुतोंड्या
सकाळी ८.१०

दुरुस्त केलं. तुम्ही नसता तर बर्लिनपर्यंत गेलं असतं ते.

दुतोंड्या
शुक्रवार, २३ जानेवारी, रात्री १०.२०

आज डिझाइन दाखवायला पिंपळगावला गेलो होतो. ओझर ओलांडलं की माझी धाकधूक सुरू.

पहिल्या पानावर मी मोठा फोटो टाकला होता, विकत घेतलेला. उन्हात चमकणारी द्राक्षं, मागे टेकड्या. दादांना आवडला, वहिनींना आवडला. दादांचे वडील, नाना, खुर्चीत बसून बघत होते. एक शब्द नाही. मी निघायला उठलो तर म्हणाले, "ही बाग कोनाची हाये?"

म्हटलं, नाना, नमुन्याचा फोटो आहे.

नानांनी चष्मा पुसला, टॅब जवळ ओढला. "ही वाइनची. बघ, तारंवर उभी बांधलीय, कुंपनासारखी. मणी बघ केवढुसा, हरभऱ्याएवढा. आपल्याकडं वायच्या आकाराचा आधार हाये नाहीतर मांडव. घड खाली लोंबतो, मानसं खालून चालत्यात. हा फोटो पाहून कोन म्हनल यांच्याकडं खायची द्राक्षं हायेत?"

सगळे गप्प. मी सात वर्षं नाशिकात या धंद्यात आहे, गंगापूर धरणाकडे पाहुण्यांना वाइनरी दाखवायला कितीदा तरी गेलोय, आणि दोन बागांमधला फरक कधी डोळ्यांत भरला नव्हता. बर्लिनमध्ये जो माणूस वीस वर्षं द्राक्षं विकत घेतोय त्याच्या तो एका सेकंदात भरला असता.

उद्या पहाटे साडेसहाला त्यांच्याच बागेत फोटो काढायचे. नाना स्वतः कुठला प्लॉट ते दाखवणार आहेत.

गोदाकाठ
रात्री १०.३८

टिकाऊकोड, तुमचे मेहुणे आले. फक्त हे बरोबर बोलले.

एक_पिक्सेल
रात्री १०.५५

मान्य. एआयला मांडव आणि वाय काढता आला नसता. मी आत्ता करून पाहिलं. तारेवरचीच देतोय, वर इटालियन म्हातारा.

शिरोरेषा
रविवार, २५ जानेवारी, दुपारी १२.१५

मराठी पानाचं काय केलंत? मला त्यातच रस आहे.

दुतोंड्या
दुपारी ३.४०

मराठी पानाने आख्खा शनिवार खाल्ला, सांगतो.

जुना मजकूर आधी कन्व्हर्टरमधून काढला. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. कन्व्हर्टर ते साध्या अक्षराला बरोबर फिरवतो, जोडाक्षर आलं की गडबडतो. 'स्थिती' मधली पहिली वेलांटी नुसत्या थ वर जाऊन बसली. ते डोळ्यांना दिसतं म्हणून सुधारता येतं. खरा ताप वेगळाच निघाला.

पानावर शोधाची चौकट आहे. तिथे 'शेतकऱ्यांसाठी' टाइप केलं तर काही सापडेना. पानावर शब्द समोर दिसतोय, पण सापडत नाही! मग एकेक अक्षर फोडून पाहिलं. कन्व्हर्टरने ऱ्य जुन्या पद्धतीने केला होता: साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह, मग य. माझा कीबोर्ड देतो नुक्त्याचा ऱ, हलन्त, य. दिसायला दोन्ही हुबेहूब एक, संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. आणि शेतकऱ्यांच्या पानावर हा शब्द येणार किती वेळा? ५७. सगळे बदलले. काही ठिकाणी ते जोडचिन्हही गळालं होतं, तिथे तर 'शेतकर्यांना' झालेलं. ते मात्र दिसत होतं, आणि दातात खडा यावा तसं वाटत होतं.

शिरोरेषा
संध्याकाळी ४.०५

वाचूनच बरं वाटलं. आता ल आणि श तपासा. पानाची भाषा काय लिहिलीय? बऱ्याच फॉन्टांत मूळ रूपं हिंदीची असतात, मराठी ल आणि श आत दडलेले असतात. पानाची भाषा मराठी म्हणून जाहीर केली की ब्राउझर ते बाहेर काढतो. आख्ख्या साइटला इंग्रजी लिहून ठेवलं असेल तर 'लाल द्राक्षं' हिंदी लने दिसतील. फॉन्टात मराठी रूपं असायला हवीत, हे आलंच.

शीर्षकांना अक्षरांमधलं अंतर दिलंय का? इंग्रजी डिझाइनमध्ये ते सर्रास देतात. देवनागरीला दिलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

दुतोंड्या
संध्याकाळी ४.२०

दोन्ही चुका होत्या. दोन्ही. भाषा इंग्रजीच होती आणि शीर्षकांना अंतर होतं. ओळींची उंचीही वाढवली, 'र्कीं' सारखं काही आलं की वरचा रफार आणि अनुस्वार कापला जात होता.

नोटपॅड_प्लस
संध्याकाळी ४.४५

एवढं कोण बघतं? खरेदीदार तर इंग्रजी पान बघणार.

बागाईतदार_निफाड
संध्याकाळी ५.३०

आम्ही बघतो. माल आम्ही देतो.

दुतोंड्या
सोमवार, २६ जानेवारी, रात्री ९.००

सुट्टी आणि इंटरनेट दोन्ही एकदम गेलं. २०२७ च्या सिंहस्थासाठी आमच्याकडे जिकडे तिकडे खोदकाम आहे, कुणी तरी फायबर तोडली. दिवसभर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. त्यात फायदा एकच, आपली साइट खऱ्या जगात कशी उघडते ते कळलं. पहिलं पान १४ एमबीवरून ८०० केबीवर आलं होतं, फोटो सगळे वेबपी या हलक्या फॉरमॅटात, आणि तरी चार सेकंद लागत होते. गूगल मुख्य चित्र अडीच सेकंदांच्या आत दिसावं म्हणतं. शोधलं तर मराठी फॉन्टची चार वजनं (जाड-बारीक रूपं) लोड होत होती, इंग्रजी पानावरसुद्धा. दोन ठेवली, इंग्रजी पानावर शून्य. आता दोन सेकंदांच्या आत.

प्रदर्शनात हजारो लोक एकाच वायफायवर असणार. तिथे हे कामी येईल.

दुतोंड्या
गुरुवार, २९ जानेवारी, रात्री ११.५०

व्हॉट्सॲपवर आजचे बदल. दादा: हिरवा जरा गडद. वहिनी: हिरवा फिका. पुण्याचे चुलतभाऊ (हे कोण?): हिरवा कशाला, निळा प्रोफेशनल दिसतो. दादा पुन्हा: थोडं पॉप होत नाहीये.

टिकाऊकोड
रात्री ११.५८

हे खरे मेहुणे. दादांना फोन करा, मेसेज नको. म्हणा, उद्या दुपारी १२ पर्यंत तुमच्या एकट्याच्या नंबरवरून एकच यादी. नंतरचं सगळं ९ फेब्रुवारीनंतर, वेगळ्या बिलात.

दुतोंड्या
शुक्रवार, ३० जानेवारी, दुपारी १२.३०

यादी आली. तीनच गोष्टी. त्यातली एक नानांची: शेतकऱ्यांच्या पानावर वर 'आजचा खरेदी भाव' पाहिजे, आणि तो नाना स्वतः मोबाइलवरून बदलणार. करून दिलं. नाना बोलून टाइप करतात, आम्हाला टायपिंग शिकवायला लागलं नाही.

हिरवा जसा होता तसाच राहिला.

दुतोंड्या
शनिवार, ३१ जानेवारी, रात्री ११.४०

लाइव्ह!!! नेमसर्व्हर (डीएनएसच्या नोंदी सांभाळणारे सर्व्हर) नव्या होस्टिंगकडे वळवले, पत्त्याशेजारी सुरक्षिततेचं कुलूपही आलं. ऑफिसमधल्या मुलीने जाता जाता पकडलं म्हणून वाचलो, 'सर्च इंजिनांनी बघू नये' ही खूण स्टेजिंगवरून (चाचणीच्या साइटवरून) तशीच आली होती. काढली. झोपतो आता.

गोदाकाठ
रात्री ११.४४

अभिनंदन! उद्या मिसळ.

शिरोरेषा
रात्री ११.५१

मराठी पान सुरेख. ल बघून आले.

दुतोंड्या
रविवार, १ फेब्रुवारी, सकाळी ७.५०

कुणी जागं आहे का? दादांचे मेल बंद आहेत. रात्रीपासून एकही नाही. रॉटरडॅमच्या खरेदीदाराने आत्ता व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, त्याचा मेल परत आला, 'असा कुणी वापरकर्ता नाही'. बर्लिनच्या भेटींच्या वेळा ठरायच्या होत्या त्या मेलवर. मी नेमसर्व्हर परत जुन्याकडे फिरवतोय.

टिकाऊकोड
सकाळी ७.५३

थांबा! फिरवू नका. डॉट कॉमच्या नेमसर्व्हरची नोंद लोकांकडे दोन दिवसांपर्यंत साठून राहते. परत फिरवलंत तर निम्मं जग इकडे, निम्मं तिकडे. नव्या होस्टिंगचं डीएनएस उघडा. एमएक्सच्या, म्हणजे मेल कुठे द्यायचे ते सांगणाऱ्या, ओळी वाचून दाखवा.

दुतोंड्या
सकाळी ७.५६

एकच ओळ आहे. स्वतःच्याच सर्व्हरकडे.

टिकाऊकोड
सकाळी ७.५८

झालं तर मग. होस्टिंगने ती आपोआप भरलीय. जग मेल तुमच्या वेबसर्व्हरला देतंय, आणि तिथे दादांच्या नावाची पेटीच नाही. ती ओळ काढा, मेल कंपनीच्या जुन्या एमएक्स ओळी भरा. मेल खरंच तुमचे आहेत हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकिमच्या टीएक्सटी ओळीही, नाहीतर तुमचे मेल स्पॅममध्ये जातील. १८ तारखेला फोटो काढून ठेवायला सांगितलं होतं.

दुतोंड्या
सकाळी ८.०७

काढला होता. मोबाइलमध्ये होता. बघितलाच नाही काल. भरल्या सगळ्या.

टिकाऊकोड
सकाळी ८.१०

टीटीएल, म्हणजे नोंद किती सेकंद साठवून ठेवायची तो आकडा, किती आहे?

दुतोंड्या
सकाळी ८.११

१४४००.

टिकाऊकोड
सकाळी ८.१३

म्हणजे ज्यांनी चुकीची ओळ आत्ताच वाचलीय त्यांच्याकडे ती जास्तीत जास्त चार तास राहील. दुपारी सव्वाबारापर्यंत सगळे मार्गी लागतील. परत गेलेले मेल मात्र आपणहून येणार नाहीत, ज्यांचे परत गेले त्यांना दादांनी व्हॉट्सॲप करून पुन्हा पाठवायला सांगायचं. आणि पुढच्या वेळी नेमसर्व्हरला हातच लावू नका. जुन्या डीएनएसमध्ये वेबसाइटचा सर्व्हर सांगणारी एक ए ओळ बदलायची, आदल्या दिवशी टीटीएल ३०० करून. मेलला धक्का लागत नाही.

दुतोंड्या
दुपारी १.२०

मेल येतायत. पण साइटवरचा चौकशीचा फॉर्म भरून पाहिला, तो मेल कुठेच नाही.

टिकाऊकोड
दुपारी १.२४

होस्टिंगच्या सीपॅनलमध्ये ईमेल राउटिंग 'लोकल' असेल. वेबसर्व्हरला वाटतंय पेटी आपल्याच घरात आहे, म्हणून तो बाहेर बघतच नाही. 'रिमोट' करा.

दुतोंड्या
दुपारी १.३१

आला. दादांना खरं काय ते सांगितलं, चूक माझी. ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, बॅग भरायचीय. सात जणांना व्हॉट्सॲप केलं त्यांनी. हातपाय अजून गार आहेत.

गोदाकाठ
दुपारी १.५०

मिसळ कॅन्सल समजू का?

दुतोंड्या
मंगळवार, १० फेब्रुवारी, संध्याकाळी ६.१५

दादा परत आले. स्टॉलवर कार्डाऐवजी क्यूआर ठेवला होता. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे लोकांनी स्कॅन केलं, सर्टिफिकेटं उघडली, 'माल आणि हंगाम' मध्ये कुठला माल कुठल्या आठवड्यात आहे ते पाहिलं आणि सरळ संपर्क. पहिल्या पानावर, जिथे मी सहा दिवस घातले, तिथे कुणी फारसं थांबलंच नाही. एक जण थांबला. त्याने नानांच्या प्लॉटचा फोटो मोठा करून विचारलं, मांडवावर घड इतके मोकळे कसे ठेवता? अर्धा तास बोलला म्हणे.

रॉटरडॅमवाल्याशी भेट झाली. सातपैकी एकाने मात्र पुन्हा मेल केला नाही.

उरलेले ३० आले, आजच. मी स्वतःहून दोन हजार कमी करायला निघालो होतो त्या रविवारबद्दल. नानांनी कमी करू दिले नाहीत, वर खोकं दिलं. एक्स्पोर्टचं, पत्ता छापलेलं.

कॅशक्लिअर
संध्याकाळी ६.२२

दहा दिवसांत? त्या माणसांना सोडू नका.

शिरोरेषा
संध्याकाळी ६.४०

मराठीला शेवटी कुठले फॉन्ट लावलेत?

दुतोंड्या
संध्याकाळी ६.५५

शीर्षकांना टीरो देवनागरी मराठी, मजकुराला मुक्ता. दोन्ही फुकट. टीरोचं हिंदी, मराठी, संस्कृत वेगवेगळं मिळतं, मराठीच घ्यायचं.

बागाईतदार_निफाड
संध्याकाळी ७.१०

ते सगळं ठीक. शेतकऱ्यांच्या पानावर भाव कालचाच दिसतोय. नानांनी सकाळीच बदलला म्हणतात.

दुतोंड्या
संध्याकाळी ७.१२

कॅशे, म्हणजे साठवलेलं जुनं पान, असणार. दोन मिनिटं.